हरळीकरांची मातृधारा

विद्याधर हरळीकरांच्या हृदयातली एक पेशी पडद्यावर उपासमारीने मरत होती. भोवती साखर होती, प्राणवायू होता, क्षार अगदी मापात होते. पण खाल्लेल्याचे बळ करणारी आतली यंत्रणाच थांबल्यामुळे भरल्या ताटावरून उपाशी उठावे तशी तिची गत झाली होती. मिरजेच्या पेशीऊर्जा संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर डॉ. हेमांगी तेरदाळकर तिच्याकडे पाहत उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, चाकाच्या खुर्चीत, खुद्द त्या पेशीचे मालक बसले होते.

रुग्णाला प्रयोगशाळेत आणायची पद्धत नव्हती. पण हे रुग्ण म्हणजे चाळीस वर्षे भूमिती शिकवून निवृत्त झालेले मास्तर. आधी आकृती दाखवा, मग मी का मरतोय ते सांगा, असे त्यांनी निक्षून बजावल्यावर हेमांगीबाईंचा नाइलाज झाला. खरे तर त्यांना बरेच वाटले होते. एरवीचे रुग्ण वाचेन का एवढेच विचारत. कसा, हे विचारणारा पहिलाच भेटला होता.

त्यांनी मरती पेशी बाजूला सारली आणि जीवदर्शकाखाली एक निरोगी पेशी लावली. जीवदर्शक हे यंत्र तेव्हा नवे होते. पेशीला न मारता, न रंगवता तिच्या आतला सारा कारभार ते मोठा करून दाखवी. मास्तर पुढे वाकले. पेशीपटल म्हणजे दोनच रेणूंच्या जाडीचा पडदा, पण कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे याची त्याला पक्की जाण. केंद्रकातून हुकुमांच्या नकला बाहेर येत होत्या. मूळ प्रत मात्र उंबरा ओलांडत नव्हती. त्या नकला वाचून रायबोझोम प्रथिने ओवत होते. मोडकेतोडके सामान लयकारिका पचवून त्याचा कच्चा माल परत करत होत्या. आणि या सगळ्यांच्या मधून शेकडो तंतुकणिका वळवळत होत्या, एकमेकींत मिसळत होत्या, पुन्हा सुट्या होत होत्या. एका तंतुकणिकेवर यंत्र स्थिर केले, तेव्हा तिच्या आतल्या पडद्यावर इवल्या इवल्या चक्क्या गरगरताना दिसल्या.

सेकंदाला शंभराहून जास्त फेरे, हेमांगीबाई म्हणाल्या. माणूस दिवसभरात जवळपास स्वतःच्या वजनाइतके ऊर्जाद्रव्य या चक्क्यांवर दळतो आणि दिवसभरात खर्चूनही टाकतो. साठवण जेमतेम मिनिटाची. म्हणजे चक्की थांबली की कारभार आटोपला.

"यांच्यावर देखरेख कोणाची?" मास्तरांनी विचारले.

"कोणाचीच नाही. शेजारचा माल हाताशी आला की ज्याचं त्यानं आपलं काम करायचं."

 मास्तरांनी पडद्याला चक्क हात जोडले. आयुष्यभर कशापुढेही हात न जोडणारा माणूस होता तो. चौऱ्याहत्तर वर्षे हे माझ्यात चालू होते आणि मी वर्गात पोरांना त्रिकोण शिकवत होतो, असे ते म्हणाले.

आता दुखण्याकडे यायला हवे होते. ते काम डॉ. इलियास मुतवल्ली यांनी केले. संस्थेतले ते तंतुकणिकांचे जाणकार. माणूस मिठ्ठास, पण वाईट बातमी सांगताना आडपडदा ठेवत नसत. गेल्या वर्षीच्या फुप्फुसज्वरात मास्तरांना जे औषध दिले, त्याने विषाणू मारला आणि जाता जाता तंतुकणिकांचीही नक्कल करण्याची शक्ती मारली. लाखात एखाद्यालाच असे होते. जुन्या तंतुकणिका झिजून गेल्या, नव्या तयार होईनात. अंगातली प्रत्येक पेशी हळूहळू विझत चालली होती, आणि हृदयाकडे फार तर चार आठवडे होते.

"दुसऱ्याच्या तंतुकणिका आणून घालता येतात," मुतवल्ली म्हणाले. "त्याला तंतुकणिकारोपण म्हणतात, आणि ते आम्ही करतो. त्या आत गेल्या की स्वतःच वाढतात. पण एक अट आहे. या तंतुकणिका मुळात पेशीच्या नाहीतच. अब्जावधी वर्षांपूर्वी त्या स्वतंत्र जंतू होत्या. एका पेशीत शिरल्या आणि घरजावयासारख्या तिथंच राहिल्या. फरक इतकाच, की हा जावई घर चालवायला लागला. त्यांची स्वतःची छोटी वही अजून त्यांच्याजवळ असते. केंद्रकातला ग्रंथ आई आणि वडील दोघांकडून येतो. ही वही मात्र फक्त आईकडून. आईला तिच्या आईकडून. वडिलांच्या तंतुकणिका शुक्रपेशीला पोहायला बळ देतात आणि गर्भाच्या उंबऱ्यावरच संपतात."

"आणि अट?"

"तुमची पेशी फक्त तीच वही ओळखते. दुसऱ्या वहीची तंतुकणिका आत गेली की लयकारिका तिला मोडका माल समजून पचवून टाकतात. दाता तुमच्याच मातृधारेतला हवा. बायकांकडून बायकांकडे येणाऱ्या या ओळीला आम्ही मातृधारा म्हणतो. आमच्या नोंदणीत साठ हजार माणसं आहेत, बहुतेकांना दोन-चार तरी जुळणारे निघतात. तुमची वही फारच वेगळी आहे. तिच्यात अशा तीन खुणा आहेत, की साठ हजारांत एकही जुळत नाही."

हेमांगीबाईंनी टिपणे घ्यायला कागद काढला. सख्खी भावंडे? नाहीत. आई? तीस वर्षांपूर्वी गेली. आईची आई? त्यांचे नाव काय?

हा प्रश्न साधा होता, पण मास्तर अडखळले. हरळीकर घराण्याचा सहाशे पानी कुलवृत्तांत त्यांनी स्वतः अकरा वर्षे खपून छापला होता. मूळ पुरुषापासून चौदा पिढ्या, अकराशे चाळीस माणसे, त्यांचे व्यवसाय, इनामे, दत्तक, परदेशगमन, सगळे त्यांना तोंडपाठ. आजीचे नाव आठवत नाही, असे ते हळूच म्हणाले. आई कुरुंदवाडच्या हेडमास्तरांकडची, एवढेच.

"आईला बहीण होती? मावशी असेल, मावशीची मुलं असतील, तर काम होईल."

मास्तरांनी पडद्याकडे पाहिले. तिथे चक्क्या फिरतच होत्या.

"नव्हती," ते म्हणाले.

ही बातमी मास्तरांच्या चुलत पुतण्याला, यशोधनला कळली तेव्हा त्याने ती आपल्या पद्धतीने समजून घेतली. रक्ताच्या माणसांची गरज आहे ना, मग हरळीकर काही कमी नाहीत. त्याने कुलाच्या मोबाइल गटांवर हाक दिली आणि रविवारी दोन बसगाड्या भरून माणसे मिरजेत दाखल झाली. मुतवल्लींनी परोपरीने समजावले, की हे सारे वडिलांच्या बाजूचे आहेत, यांतल्या कोणाचीही वही जुळणार नाही. लोकांनी माना डोलावल्या आणि रांगेत उभे राहिले. उत्साहाला औषध नाही. शेवटी रक्तातून मातृधारा ओळखणाऱ्या धारावाचक यंत्राला एका थेंबासाठी दहा सेकंद लागतात, एवढ्यांचे मन कशाला मोडा, असे म्हणून हेमांगीबाईंनी दालन उघडून दिले.

यशोधन टेबल टाकून बसला. प्रत्येकाचे नाव विचारायचे, कुलवृत्तांतातले पान काढायचे, खूण करायची आणि मगच आत सोडायचे, असा त्याचा शिस्तशीर कारभार होता. दुपारपर्यंत दोनशे चौदा हरळीकरांनी बोट टोचून घेतले. मास्तरांचा सख्खा मुलगा थेट ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून येऊन रांगेत पहिला उभा राहिला होता. तोही जुळला नाही. त्याच्यात वडिलांचे नाक होते, कपाळ होते, रागसुद्धा होता. पण त्याची एकूणएक चक्की त्याच्या आईकडची होती. बाहेर आल्यावर तो बराच वेळ बाकावर बसून राहिला.

संध्याकाळी दालन रिकामे झाल्यावर हेमांगीबाई पाण्याच्या टाकीपाशी आल्या, तर तिथे एक बाई बसलेल्या दिसल्या. अठ्ठावन्नच्या आसपास वय, अंगाने दणकट, खांद्याला जुनी चामड्याची पिशवी. मोबाइलवर फिरत आलेली हाक वाचून आले, सकाळपासून बसले आहे, असे त्यांनी सांगितले. दोनदा रांगेत उभ्या राहिल्या आणि दोन्ही वेळा परत फिरवल्या गेल्या. वडिलांच्या नावाच्या रकान्यात त्यांनी आईचे नाव लिहिले होते आणि पुस्तकात त्यांचे पान सापडत नव्हते. हे फक्त हरळीकरांसाठी आहे, असे टेबलावरच्या मुलाने नम्रपणे सांगितले होते.

"माझं तेवढं तपासा की," बाई म्हणाल्या.

त्यांचे नाव निर्मला कृष्णाबाई शेडबाळकर. एसटीत वाहक होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. दहा सेकंदांनी धारावाचकावर तीन खुणा उमटल्या, तिन्ही जागच्या जागी. हेमांगीबाईंनी दुसरा थेंब घेतला, मग तिसरा. मग त्या खाली बसल्या आणि त्यांनी दोघींसाठी चहा मागवला.

निर्मलाबाईंनी जे सांगितले ते थोडक्यात असे. शेडबाळचे त्यांचे घर गाणाऱ्या बायकांचे. त्या घरात वंश आईच्या नावाने चाले, कारण वडिलांचे नाव लावायची सोयच नव्हती. आजीची थोरली मुलगी तीन वर्षांची असताना कुरुंदवाडच्या निपुत्रिक हेडमास्तरांनी तिला मागून घेतले आणि स्वतःची म्हणून वाढवले. अट एकच, की पुन्हा ओळख दाखवायची नाही. ती मुलगी पुढे हरळीकरांची सून झाली. थोरलीनंतर दहा वर्षांनी झालेली धाकटी कृष्णाबाई घरीच राहिली, आणि ही तिची लेक. मास्तर आपले मावसभाऊ आहेत हे निर्मलाबाईंना लहानपणापासून ठाऊक होते. मास्तरांना ठाऊक आहे का, या प्रश्नावर त्या नुसत्या हसल्या.

"त्यांना सांगू नका, मॅडम. कोणी परकीनं दिलं म्हणा. घराण्याचा माणूस आहे, नाव आहे त्यांचं. मरताना कशाला लाजवायचं?"

तुम्ही त्यांच्यासाठी एवढे का करता, असे हेमांगीबाईंनी विचारलेच. विचारायला नको होते, पण राहवले नाही.

"माझी सगळी नोकरी 'हात दाखवा, एसटी थांबवा' यावर गेली," निर्मलाबाई म्हणाल्या. "माणसानं हात दाखवलाय. थांबायचं, एवढंच कळतं मला."

दुसऱ्या दिवशी हेमांगीबाईंनी मास्तरांना दाता मिळाल्याचे सांगितले. नियमाप्रमाणे नाव गुप्त राहील. अनोळखी व्यक्ती आहे, नोंदणीत नव्यानेच आली आहे. खोटे बोलायची सवय नसल्यामुळे त्यांनी हे सारे खिडकीकडे बघून सांगितले. मास्तर म्हणाले, "अनोळखी? बरं." आणि त्यांनी कूस बदलली.

निर्मलाबाईंच्या मांडीतून चिमूटभर स्नायू घेतला गेला. त्यातल्या पेशी पोषकद्रवात वाढू लागल्या, एकीच्या दोन, दोनांच्या चार. हे रोजचेच काम, तरी मुतवल्ली दिवसातून चारदा येऊन तो द्रव निरखून जात. अठ्ठावन्न वर्षे तिकिटे फाडणाऱ्या आणि घाट चढणाऱ्या बाईच्या पेशी काय तडफेने वाढतात बघा, असे ते ज्याला त्याला सांगत सुटले, आणि अठ्ठावन्न वर्षे नोकरी कोणी करत नाही हे हेमांगीबाईंनी दाखवून दिल्यावरच गप्प झाले. बाराव्या दिवशी सकाळी त्या पेशी उकलून तंतुकणिका वेगळ्या काढल्या. दुधट रंगाची एक पिशवी भरली. या अवस्थेत त्यांचे आयुष्य दोन तासांचे.

मास्तरांना रोपणकक्षात आणले. दाराबाहेर यशोधन, पर्थचा मुलगा आणि पाच-पंचवीस हरळीकर उभे होते. मास्तरांचे ओठ निळे पडले होते, बोलताना दर दोन शब्दांनी दम लागत होता. हेमांगीबाई नळी जोडणार, इतक्यात त्यांनी हात वर केला.

"दार उघडं ठेवा. मला एक सिद्धता मांडायचीय."

"नंतर मांडा, सर. वेळ नाही."

"पक्ष असा," मास्तर थांबले नाहीत. "परक्याची तंतुकणिका मला चालत नाही. माझी वही साठ हजारांत नाही. आणि मी मावशी नाही म्हटल्यावर सहा दिवसांत दाता उभा राहिला. तर तो परका असूच शकत नाही. माझ्या आईच्या आईपासून निघालेलीच कोणीतरी आहे. अशी एकच बाई मला माहीत आहे."

हेमांगीबाईंचे हात थांबले. त्यांनी शक्य तितक्या शांतपणे नियम सांगितला. दात्याचे नाव रुग्णाच्या तोंडून उघड झाले, तर गुप्ततेच्या बोलीवर घेतलेली संमती रद्द होते. मग ती नव्याने घ्यावी लागते, आणि दाता नाही म्हणू शकतो. पिशवीच्या आयुष्याची एक तास वीस मिनिटे उरली होती. दुसरी पिशवी तयार करायला बारा दिवस लागतील, आणि तुमच्याकडे बारा दिवस नाहीत. म्हणून आत्ता काही बोलू नका, मी तुमच्या पाया पडते.

"बारा दिवस गप्पच होतो," मास्तर म्हणाले. "रोज वाटायचं, उद्या फुकट वाचेन आणि कोणाला कळणार नाही. पण ते तुमच्या पडद्यावरचं बघून आलोय मी. तिची चक्की माझ्यात फिरणार, मरेपर्यंत. आणि मी तिला परकी म्हणायचं?"

त्यांनी मान दाराकडे वळवली. सगळे हरळीकर ऐकत होते.

"निर्मला शेडबाळकर. माझी मावसबहीण. माझ्या आईची सख्खी बहीण कृष्णाबाई, तिची मुलगी. आई शेडबाळच्या गाणाऱ्या बायकांच्या घरची. मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. मी डॉक्टरांशी खोटं बोललो. वीस वर्षांपूर्वी मावशी गेल्याचं सांगायला ही माझ्या दारात आली, तेव्हा घरात पाहुणे होते. पत्ता चुकला तुमचा, असं सांगून मी दार लावून घेतलं."

 यशोधनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. टेबलावरून दोनदा परत पाठवलेल्या बाईचे नाव त्याला आत्ता आठवले होते. तोच पहिल्यांदा हलला आणि त्यांना बोलवायला धावत खालच्या मजल्यावरच्या दात्यांच्या खोलीकडे गेला.

निर्मलाबाई आल्या तेव्हा पन्नास मिनिटे उरली होती. मुतवल्लींनी नवा संमतीचा कागद त्यांच्यापुढे धरला आणि स्पष्ट सांगितले, की आता तुमचे नाव सगळ्यांना कळले आहे, तुम्ही नाही म्हणालात तर कोणीही तुम्हाला दोष देणार नाही. त्यांनी तो कागद सावकाश वाचला. वाहकाची नजर, एकही ओळ सोडली नाही. मग त्या खाटेपाशी गेल्या. मास्तरांनी हात जोडायचा प्रयत्न केला, पण हात उचलला गेला नाही.

"तुम्ही हे आत्ता कशाला बोललात?" त्यांनी विचारले. "मी नाही म्हटलं असतं तर?"

"तर तो तुझा हक्क होता."

निर्मलाबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी कागद खाटेच्या कडेवर ठेवून सही केली, डोळे पुसले आणि हेमांगीबाईंना म्हणाल्या, "लावा आता. किती वेळ काढताय?"

नळी जोडली गेली. दुधट द्रव थेंबथेंब उतरू लागला. मास्तरांच्या दंडातून घेतलेली एक पेशी जीवदर्शकाखाली ठेवून त्याच द्रवाचा एक थेंब तिच्यावर सोडला होता, आणि दोन्ही डॉक्टर पडद्याकडे पाहत होते. पहिली तंतुकणिका पटलाला चिकटली, पटल खोलगट झाले आणि ती आत ओढली गेली. लगेच एक लयकारिका तिच्याजवळ सरकली. थोडा वेळ दोघी लगटून राहिल्या. मग लयकारिका बाजूला झाली आणि आपल्या नेहमीच्या कामाला निघून गेली. मुतवल्ली स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. वीस वर्षे हे काम करूनही त्यांना दर वेळी भरून येई.

खाटेपाशी निर्मलाबाईंनी स्टूल ओढून घेतले होते. मास्तरांनी अगदी हळू आवाजात आजीचे नाव विचारले. डॉक्टरांनी विचारले तेव्हा मला सांगता आले नाही, असे ते म्हणाले.

"सुंदराबाई," निर्मलाबाई म्हणाल्या. "आमच्यात मुलीच्या बारशाला सगळ्या आयांची नावं घेतात. बापाचं कोणाचं घ्यायचं? म्हणून आयांची. मला अकरा येतात."

"सांग."

"आपल्या दोघांच्या आया बहिणी. त्यांची आई सुंदराबाई. तिची आई भागीरथी. तिची गंगू, ती मिरजेला नवाबाच्या दरबारात गायची म्हणतात, खरं-खोटं देव जाणे. तिची राधा."

मास्तर एकेक नाव तिच्यामागून म्हणत होते. ओठांचा निळेपणा अजून गेला नव्हता, पण शब्दांमधला दम थोडा कमी झाल्यासारखा वाटत होता; कदाचित तो भासही असेल. राधेनंतर तुळसा आली. ते नाव त्यांनी अर्धेच उच्चारले आणि त्यांचा डोळा लागला.

 निर्मलाबाईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि पुढचे नाव घेतले. अजून पाच राहिली होती.